मदत हवी आहे: डिकीतल्या अँपसाठी (अँप्लिफायर) बॅटरीपासून किती जाडीची वायर ओढावी?

घाटरस्ता:
पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी बॉनेटखाली. डिकीत दोन अँप बसवायचे आहेत. सबवूफरला मोनो, क्लास डी, ४०० वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद). दारांतल्या स्पीकरना चार चॅनलचा, क्लास एबी, ५० वॉट × ४. वायरचा मार्ग ५ मीटर भरतो. दुकानदार '१५०० वॉट' छापलेलं आठ गेजचं (गेजचा आकडा लहान, तशी वायर जाड) किट देतोय, वर कपॅसिटरही घ्या म्हणतो. चालेल? फ्यूज कितीचा?

खटपट्या:
खोक्यावरचे वॉट वाचून सोडून द्या, हिशेब आरएमएसवर करा. क्लास डी साधारण ८० टक्के कार्यक्षम, एबी ६० धरा. म्हणजे ४०० साठी ५०० आणि २०० साठी ३३० वॉट खेचले जाणार. ८३० भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ६० अँपिअर.

आता ५ मीटरमध्ये किती व्होल्ट गळतात ते बघा. स्वस्त किटमध्ये बहुधा सीसीए असते, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. खरोखर आठ गेजची, म्हणजे ८.४ चौरस मिमीची असली तरी ६० अँपिअरला जवळजवळ १ व्होल्ट जातो. शुद्ध तांब्याच्या २५ चौरस मिमीत ०.२ व्होल्ट. चार गेज तांबं (२१ चौरस मिमी) घेतलंत तरी फरक नगण्य. या दोन्हींपैकी एक घ्या.

डिकीत फ्यूजवाला डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक (एका वायरचे फाटे काढणारा ठोकळा) लावा. तिथून प्रत्येक अँपला आठ गेज तांबं, आणि फ्यूज त्या अँपवर बसवलेल्या फ्यूजइतकाच.

मुख्य फ्यूज एएनएल (बोल्टने आवळायचा, मोठ्या करंटचा) ८० अँपिअरचा, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो अँपला नव्हे, वायरला वाचवतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात ग्रोमेट (रबरी कडं) नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, आणि फ्यूज डिकीत असेल तर अख्खी वायर जळेपर्यंत बॅटरी करंट देत राहते.

घाटरस्ता:
तांबं खरं आहे हे दुकानात कसं ओळखायचं? वेल्डिंग केबल चालेल का?

खटपट्या:
कापलेल्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की सीसीए. त्याहून सोपं म्हणजे वजन: २५ चौरस मिमीच्या ५ मीटरमध्ये नुसतं तांबंच १.१ किलो भरतं, सीसीए अर्धा किलोही नाही. वेल्डिंग केबल उत्तम, लवचीक असते आणि रबर तेलाला, उष्णतेला टिकतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत विचारा, फक्त 'कॉपर' असं ठणकावून सांगा. तिच्यातही अ‍ॅल्युमिनियमची येते.

तांब्याची_तार:
अर्थिंगबद्दल, म्हणजे निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडण्याबद्दल, कुणी बोललंच नाही. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

निगेटिव्ह वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरपेक्षा आखूड. डिकीतल्या जाड पत्र्यावर रंग चकचकीत होईपर्यंत खरवडा, तांब्याची लग (वायरच्या टोकाला बसणारं भोकवालं टर्मिनल) दाबून क्रिम्प करून स्टार वॉशरसह बोल्टने आवळा, वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो सुरक्षेचा भाग आहे. दोन्ही अँपचं अर्थिंग एकाच जागी, नाहीतर इंजिनच्या आरपीएमसोबत चढणारी शिट्टी ऐकू येते. आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला सिग्नल नेणारी) पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या.

स्टार्ट-स्टॉपवाली गाडी असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर करंट सेन्सर असतो का पाहा. असल्यास थेट त्या टर्मिनलला काही जोडू नका, चासीला (गाडीचा धातूचा सांगाडा) जोडा. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

कपॅसिटरचे पैसे वाचवा. १ फॅरडचा कपॅसिटर १३.८ वरून १२.८ व्होल्टवर येईपर्यंत १३ जूल देतो. ८३० वॉटला ते सेकंदाच्या साठाव्या भागात संपतात. त्याच पैशात अल्टरनेटर ते बॅटरी, इंजिन ते चासी आणि बॅटरी निगेटिव्ह ते चासी या तीन वायरी जाड करा. अर्थात आयडलला अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही. एसी, हेडलाइट लावून सिग्नलला मोठ्या आवाजात बॅटरी उतरणारच, तिथे वायर काही करू शकत नाही.

घाटरस्ता:
बसवून झाल्यावर तपासू कसं?

तांब्याची_तार:
इंजिन चालू, ५० हर्ट्झचा टोन, आवाज नेहमीच्या कमालीवर. मल्टिमीटर डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी अँपच्या पॉझिटिव्हला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून अँपच्या निगेटिव्हपर्यंतही तसंच मोजा. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. जास्त आली तर फ्यूज होल्डर आणि लगांना हात लावून बघा, जो सांधा तापला असेल तो आधी खोला.