बीटलचे १५८४ सीसी इंजिन १७७६ करावे का?

गंगापूररोडकर: नमस्कार. माझ्याकडे फोक्सवॅगनची जुनी बीटल आहे. इंजिन मूळचे १५८४ सीसीचे, म्हणजे ८५.५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ६९ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) आहे. पिस्टनच्या रिंगा झिजून संपल्यामुळे ते उघडावेच लागणार आहे, तेव्हा त्याच खर्चात थोडे मोठे करून घ्यावे असा विचार आहे. मुंबईहून येताना कसारा घाटात भरलेली गाडी फार रेंगाळते. काहीही न कोरता बसणारा ८८ मिलिमीटरचा पिस्टन-बॅरल (बॅरल म्हणजे सुटा सिलिंडर) संच घ्यावा, की इंजिन १७७६ सीसीचे करणारा ९०.५चा? गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही, चालवायची आहे.

अंबडचा टर्नर: ८८चा संच घेऊ नये. इंजिनच्या मूळच्या तोंडात बसावा म्हणून त्याचे बाहेरचे माप तेच ठेवलेले असते. बोअर वाढतो तो भिंतीच्या जाडीतून. अशी पातळ भिंत तापली की गोलाई सोडते, रिंगा नीट टेकत नाहीत आणि इंजिन तेल खाऊ लागते. ९०.५च्या बॅरलला भरपूर जाडी मिळते आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) तोच राहतो, मात्र क्रँककेस (क्रँकभोवतीचे कवच) व हेड (सिलिंडरवरचे झाकण) या दोन्हींची तोंडे मोठी करावी लागतात. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्याने हे काम नेहमीच्या ॲल्युमिनियमसारखे समजून कोणाच्याही हाती देऊ नये. तिचा बारीक किस पेट घेतो आणि त्यावर पाणी मारले तर आग भडकते, म्हणून यंत्राशेजारी कोरडी वाळू हवी. हेड आवळून धरणाऱ्या स्टडचे (लांब बोल्टचे) आटेही या मऊ धातूतून उपटून येतात. केस खोललेलीच आहे तर तिथे पोलादी इन्सर्ट (आटे असलेल्या नळ्या) बसवून घ्यावेत.

घाटवाला: बॅरलविषयी सहमत आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न उष्णतेचा आहे. हे इंजिन हवेने थंड होते; सीसी वाढले तरी पंखा तोच राहतो आणि तो क्रँकवरच्या पट्ट्याने फिरत असल्यामुळे इंजिनचे फेरे उतरले की हवाही उतरते. ताकद वाढली म्हणून मे महिन्यात कसारा घाट वरच्या गिअरमध्ये रेटत चढवला, तर हेड सर्वांत जास्त तापणार नेमके तेव्हाच. दुसऱ्या गिअरची लाज बाळगू नये. इंजिनभोवतीचे सगळे पत्रे आणि रबरी पट्ट्या जागेवर हव्यात, नाहीतर खालची तापलेली हवा पुन्हा पंख्यातच शिरते. अनेक जण हे पत्रे बिनकामाचे समजून भंगारात घालतात, हे पाहून वाईट वाटते. मूळ इंजिनात तेलासाठी फक्त जाळी असते, म्हणून पूर्ण प्रवाह गाळणारा फिल्टर जोडावा.

गंगापूररोडकर: कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, किती ठेवावे?

घाटवाला: मूळचे साधारण ७.५ आहे. ज्वलनकक्ष तसाच ठेवून बोअर ९०.५ केला की ते आपोआप ८च्या पुढे जाते. आपल्या उन्हाळ्यात मी ते पुन्हा साडेसातच्या आसपासच आणीन. त्यासाठी हेडचा कक्ष ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) तेल सोडून प्रत्यक्ष मोजावा आणि मग बॅरलखाली किती जाडीची शिम (पातळ चकती) घालायची ते ठरवावे. शिम घातल्यावर पिस्टन व हेडमधली फट फार वाढत असेल, तर त्याऐवजी कक्षच थोडा मोठा करून घ्यावा.

पंचवटीकर: एक कागदोपत्री बाब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही, आणि त्या तपशिलात सीसीही येतात. अपघातानंतर विम्याचा दावा इथेच अडकू शकतो. केस टर्नरकडे नेण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी. परवानगी मिळाली नाही, तर ८५.५चाच नवा संच बसवावा.