एन स्केल (१:१६० मापाची मॉडेल रेल्वे): रुळांमधली खडी उखडते

प्रश्न: खडी पसरून ड्रॉपरने फेव्हिकॉलचं पाणी सोडलं की थेंब वरच तरंगतो, खडीचे गोळे होतात. वाळल्यावर बोट लागलं तरी सुटते. गोंद कमी पडतोय का?

उत्तर १: गोंद नाही, ओल कमी पडतेय. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा, फूटभर वरून धुक्यासारखं. जवळून मारलंत तर खडीच उडेल. (खिडकी उघडी, काडेपेटी लांब.) मग १ भाग फेव्हिकॉल, ३ भाग पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. ड्रॉपर रुळांच्या मधोमध धरा. पांढरं पाणी रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या टोकांपर्यंत झिरपलं की थांबा. २४ तास हात लावायचा नाही.

उत्तर २: सांध्यापाशी (गाडी रूळ बदलते तिथे) मात्र ड्रॉपर नकोच. सरकत्या पात्यांखाली गोंद गेला की सांधा जाम. तिथे ब्रशने आधी गोंद, मग चिमटीने खडी. नदीची वाळू वापरत असाल तर लोहचुंबक फिरवाच, काळे कण मोटरला चिकटतात. आणि खरी ५० मिमीची खडी १:१६० मध्ये जेमतेम ०.३ मिमी होते. चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळूसुद्धा धोंड्यांसारखी दिसते.

प्रश्नकर्ता: रुळांच्या माथ्यावर गोंद सांडला तर?

उत्तर १: ओला असतानाच पुसा. वाळलेला थर वीज अडवतो, इंजिन तिथेच अडखळतं.