बोर्डावर नाव कसं घालायचं?
(बेळगावात टिळकवाडीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

सेक्रेटरी, बी-२०२:
नमस्कार मंडळी. लॉबीतला नावांचा बोर्ड बदलायचा ठरलाय. पेंटर रविवारी येतोय. वर कन्नड, खाली मराठी. यादी करून खाली टाकलीय. ज्या घरात पुरुष माणूस आहे तिथं त्यांचं नाव, बाकीच्या घरांना श्रीमती लावून बाईमाणसाचं. दुरुस्ती असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

ए-१०३:
सेक्रेटरीसाहेब, माझ्या नावापुढं श्रीमती कुठनं आलं? आमचे हे दुबईला नोकरीत आहेत, ठणठणीत आहेत. यादी बघितल्यापासून सासूबाई देवापुढं बसून आहेत. आधी ते काढा.

सेक्रेटरी, बी-२०२:
वैनी, चुकलंच. कन्नड यादी आधी झाली, तीच तशी मराठीत उतरवली. मनात काही धरू नका.

सी-३०१ अक्का:
वैनी, आमच्या कन्नडमध्ये श्रीमती म्हणजे नवरा असलेलीच. लग्नपत्रिकेत पण ‘श्रीमती आणि श्री’ असंच छापतात की. सासूबाईंना सांगा, वाईट काही न्हाई त्यात.

ए-१०३:
अक्का, तुमचं खरं हो. पण मराठीत लोक नवरा गेलेल्या बाईलाच श्रीमती लावतात ना. बोर्ड बघून कुणीतरी भेटायला यायचं घरी.

ए-१०१ तात्या:
म्हणूनच म्हणतो, आपल्यात पद्धत ठरलेली आहे. सधवेला सौ., विधवेला श्रीमती किंवा गं.भा., कुमारिकेला कु. मराठी ओळीत तेवढं पाळा, कन्नड ओळीत त्यांचं त्यांना घालू द्या. वादच नाही.

बी-३०४:
तात्या, गं.भा. तर महाराष्ट्रातसुद्धा चाललं नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिथले महिला व बालविकास मंत्री मंगल प्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ लावायचा प्रस्ताव तयार करायला सांगितला होता. इतका विरोध झाला की असा निर्णय काही झालेला नाही, म्हणून त्यांनाच खुलासा करावा लागला.

ए-१०१ तात्या:
ते राजकारण झालं. मी रीत सांगतोय.

डी-४०२ बाई:
तात्या, रीत आहे हे मान्य. मीही वर्गात पत्रलेखन शिकवताना हेच फळ्यावर लिहीत आले. पण ही रीत बोर्डावर चढली की काय होतं ते बघा. पुरुषाच्या नावापुढं एकच श्री. तो विशीतला असो की सत्तरीतला, लग्न झालेलं असो, नसो, बायको गेलेली असो. कुरिअरवाल्याला एवढंच समजतं की हा गृहस्थ इथं राहतो. बाईच्या नावापुढं मात्र एक-दोन अक्षरांत तिचं लग्न झालंय का, नवरा आहे का, घरात पुरुष माणूस आहे का, सगळं आलं. मी लग्न केलेलं नाही आणि एकटी राहते. ‘कु.’ लावून माझं नाव खाली टांगलंत, की चौथ्या मजल्यावर एकटी बाई राहते हे इमारतीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. मला ते धोक्याचं वाटतं.

आणि अपमानाचंही वाटतं. का, ते सांगते. मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरातल्या एका दवाखान्यात गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “मिसेस की मिस?” म्हटलं, नुसतं नाव घाल. “त्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही मॅडम.” माझे पांढरे केस बघून तिनंच मिसेस दाबलं. पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा. नाही म्हटल्यावर हळूच विचारते, “वारले का?” मागं रांगेत माझाच एक जुना विद्यार्थी त्याच्या आईला घेऊन उभा होता. लग्न केलेलं नाही, हे मला त्या सगळ्यांसमोर दोनदा सांगावं लागलं. तरी तो रकाना रिकामा सोडता येईना. शेवटी तिनं त्यात माझ्या वडिलांचं नाव घातलं. डिस्चार्ज कार्डावर माझे वडील माझे यजमान म्हणून छापून आले. आधारवर तेच नाव वडील म्हणून, इथं नवरा म्हणून. विम्याची फाईल परत आली. दुरुस्तीच्या पत्रासाठी डोळ्याला पट्टी असताना मी तिथले जिने चढले. त्या मुलीचा दोष नाही. तो रकाना ज्यांनी बनवला त्यांना नवऱ्याशिवायची बाई सुचलीच नव्हती.

ए-१०३:
बापरे बाई, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

ए-२०४:
मी या ग्रुपवर फारशी बोलत नाही, आज बोलते. माझ्या नावापुढं तुम्ही घातलेलं श्रीमती मराठीप्रमाणं बरोबर आहे. पण मलाही ते नको. हे होते तोवर दूधवाला मला वैनी म्हणायचा. हे गेल्यावर दोन महिन्यांत मावशी म्हणायला लागला. तेव्हा मी ४६ वर्षांची होते. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण दार उघडलं की रोज सकाळी पहिल्यांदा तेच ऐकायचं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिथल्याच हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायला लावायचं नाही. महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. इथनं चिकोडी ओलांडली की हेरवाड फार लांब नाही. आणि आपण नवा बोर्ड करताना तेच कुंकू अक्षरांनी पुसायचं का?

ए-१०१ तात्या:
सूनबाई, तुम्हाला दुखवायचा माझा हेतू नव्हता. पण आमच्या हिला विचारलं तर ती म्हणते, लग्न झाल्यापासून सौ. आहे, ते मी का सोडू? तिचंही मन बघायला हवं की नाही?

सी-१०२ वकील:
कायद्याचं तेवढं सांगतो. सौ., श्रीमती, कु. हा नावाचा भाग नव्हे. आधारवर नुसतं नाव असतं. लग्नानंतर बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टचे नियम डिसेंबर २०१६ मध्ये बदलले. तेव्हापासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं आणि लग्नाचा दाखला जोडावा लागत नाही. परदेशी जायला जे पुरतं ते आपल्या लॉबीत पुरायला हरकत नाही. आमच्याकडं येणाऱ्या जुन्या खरेदीपत्रांत मात्र ‘अमुकबाई कोम तमुकराव’ असंच असतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे ते कागद मराठीत, कधी मोडीत. कन्नड उताऱ्यांतही हे ‘कोम’ दिसतं. म्हणजे अमक्याची बायको. पुरुषाला ‘बिन’, म्हणजे बापाचा मुलगा. बायकोच्या नावावरनं पुरुषाची ओळख लिहिलेला एकही कागद माझ्या हाताखालनं गेलेला नाही.

बी-३०४:
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मी माहेरचंच आडनाव लावते. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ता दोघांचा. तरी इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेला माणूस दारात विचारतो, “साहेब आहेत काय?” म्हटलं, काय झालंय ते मला सांगा. बॅटरी बदलायची की चार्जर, याचं उत्तर द्यायला त्यानं संध्याकाळी नवरा येईपर्यंत वेळ काढला. फोनवर कंपनीची माणसं नाव ऐकूनसुद्धा ‘सर’ म्हणतात. मी जर्मन लोकांबरोबर काम करते. त्यांच्याकडं लग्न न झालेल्या बाईला फ्रॉईलाईन म्हणायचे. ते १९७२ मध्ये सरकारी कामकाजातनं काढलं. आता सगळ्या बायकांना एकच फ्राऊ. फ्रान्सनं २०१२ मध्ये सरकारी फॉर्मांवरचं मादमोआझेल काढून टाकलं. पुरुषांसारखंच, एकाला एकच.

ए-१०१ तात्या:
जर्मनीत काय चालतं ते टिळकवाडीत कशाला?

डी-४०२ बाई:
तात्या, तुमचं बरोबर आहे, जर्मनीत जायची गरज नाही. आपल्या गावातच बघा. मराठी शाळेत आम्ही सगळ्याच बाई होतो. लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, सोडून आलेली. पहिलीच्या पोरानं कधी विचारलं नाही की बाई, तुम्ही सौ. की कु.? तरी आदरात तसूभर कमी पडली नाही. बसमध्ये कंडक्टर सगळ्यांना अक्का म्हणतो. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेचा बायकांना मोफत प्रवास सुरू झाल्यापासून बायकांनी गाड्या भरून वाहतायत. त्या गर्दीत “अक्का, पुढं सरका” म्हणताना तो कुणाच्या गळ्यात काय आहे ते बघत नाही. मराठी बाईलाही ते आपलंच वाटतं, कन्नड बाईलाही. कित्तूरची चन्नम्मा नवरा गेल्यानंतर १८२४ मध्ये कंपनी सरकारशी लढली. अहिल्याबाईंनी विधवा असताना जवळजवळ तीस वर्षं राज्य केलं. त्यांच्या नावापुढं श्रीमती की गं.भा. हा प्रश्न आपल्याला कधी पडतो का?

तात्या, आता काकूंच्या सौ.बद्दल. त्यांना ते मोलाचं आहे आणि मला त्याचा आदर आहे. हळदीकुंकवाच्या पत्रिकेत, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर, त्यांच्या दारावरच्या पाटीवर हवं तसं सौ. राहू दे. लॉबीतला बोर्ड मात्र सगळ्यांचा. तिथं दहा जणींच्या नावापुढं सौ. असलं, की उरलेल्या चौघींचं काहीही न लिहिता सगळं लिहून झालं. माझी अडचण एवढीच आहे.

ए-१०१ (काकू, नातवाकडनं टाइप करून घेतेय):
बाई, तुमचं शेवटचं पटलं. खाली नको तर नको. पण दारावर मी सौ. लावणार आणि पावतीवर पण तेच पाहिजे.

डी-४०२ बाई:
काकू, नक्की. पावतीपुस्तक माझ्याकडंच आहे, मीच लिहून देईन.

खजिनदार, सी-२०३:
विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. एक, मेंटेनन्सच्या रजिस्टरप्रमाणं सहा फ्लॅट एकट्या बायकांच्या नावावर आहेत. यादीत त्यातले चार नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावानं आलेत. १०३ वैनींचा फ्लॅट पण त्या सहांतलाच, उरलेल्या दोनांतला. घर त्यांचं आणि साहेब दुबईत म्हणून श्रीमती, असा घोळ झाला. खरेदीपत्रात ज्याचं नाव, ते पहिलं घाला.

दोन, हे मला जास्त बोचतंय. आपल्या पगाराच्या वहीत वॉचमनचं नाव आहे, पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या माणसाचं नाव आहे. जिने झाडणाऱ्या अक्कापुढं दर महिन्याला नुसतं ‘झाडूवाली’ लिहिलंय आणि समोर तिची सही. सही म्हणजे तिचं पूर्ण नाव, कन्नडमध्ये, स्वच्छ अक्षरात. ते वाचून वहीत उतरवायचं आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही.

सी-३०१ अक्का:
तिला मी ओळखते. रेशन कार्डावर घरची यजमानी तीच हाय. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये तिच्याच खात्यावर येतात.

सी-१०२ वकील:
२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच आहे ते. घरातली १८ वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख. गृहलक्ष्मी ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली ती त्याच कार्डाच्या आधारानं. तेव्हा महिला व बालविकास खातं आपल्या बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडं होतं. सरकारी कागदावर ही अक्का घरची प्रमुख, आणि आपल्या वहीत झाडूवाली.

ए-२०४:
वहीतलं या महिन्यापासूनच बदला. आणि जिन्यातनं “ए बाई” म्हणून हाक मारणं पण बंद करूया. पोरं आपलंच ऐकून तसं बोलतात. माझा मुलगापण बोलतो, आज त्याला सांगते.

ए-१०३:
वॉचमनमामांना पण सांगायला हवं. इंटरकॉमवर “साहेबांना द्या” म्हणतात. पार्सल माझं असलं तरी.

सी-३०१ अक्का:
मामांना मी कन्नडमध्ये समजावते. ज्याचं पार्सल त्याचं नाव घ्या, बाईमाणूस असेल तर नावामागं अक्का लावा. ते हो म्हणतील, त्यांना सवय हायच.

बी-३०४:
मला अक्का चालेल. आंटी नको 🙏

ए-१०१ तात्या:
ठीक आहे. कमिटीत माझा विरोध नाही असं लिहून घ्या. पण मग पुरुषांचं श्री. पण काढा. आमच्यापुढं श्री. आणि बायकांपुढं काहीच नाही, तेही बरं दिसणार नाही.

डी-४०२ बाई:
तात्या, हे तुम्ही बोललात ते फार चांगलं झालं. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

सेक्रेटरी, बी-२०२:
बरं, मग असं ठरवतो. बोर्डावर श्री., सौ., श्रीमती, कु., डॉ., ॲड. काहीच नाही. खरेदीपत्रातलं नाव, दोन मालक असतील तर दोन्ही नावं, आडनाव जो तो लावतो ते. भाडेकरूंनी करारातलं नाव द्यायचं. कन्नड ओळीतली अक्षरं ३०१ अक्का तपासतील. आपल्या आडनावांतला च आणि ज कन्नडमध्ये दरवेळी चुकतो, तेवढं बघा अक्का. मराठी ओळ बाई तपासतील. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे दोन-दोन नावं आली तरी खर्च फार वाढत नाही, श्रीमतीची अक्षरं वाचतातच.

वकीलसाहेब, डॉ. आणि ॲड. काढल्याबद्दल राग नसावा.

सी-१०२ वकील:
अजिबात नाही. खाली पाटी बघून दारात सल्ला विचारायला येणारे कमी होतील.

खजिनदार, सी-२०३:
वहीत नाव उतरवलं. अक्काला दाखवलं. तिनं एक अक्षर दुरुस्त करून दिलं, नावाच्या शेवटचा ‘व्वा’ राहिला होता.

सेक्रेटरी, बी-२०२:
चांगलं केलंत. आता प्रत्येकानं आपापलं नाव मला वेगळं मेसेज करून पाठवा, ग्रुपवर नको, गोंधळ होतो. ज्या घरात बाईच्या नावावर फ्लॅट आहे तिथलं नाव तिनं स्वतः पाठवायचं. शुक्रवारी रात्री आठनंतर आलेलं धरणार नाही. अजून ११ घरांचं यायचं आहे.