डॉक्युमेंटेशन लिहिणारे आणि वाचून वैतागलेले नाशिककर, अनुभव टाका

मंडळी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर देणारे, कॉलेज रोडला छोटं ऑफिस थाटलेले, पुण्याची नोकरी घरून करणारे, आपल्यात कोड लिहिणारे बरेच आहेत. पण डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअर कसं चालतं आणि कसं वापरायचं ते लिहून ठेवण्याचं, नाव काढलं की सगळ्यांना नेमकं तेव्हाच चहाला जायचं असतं. ज्यांनी लिहिलंय किंवा दुसऱ्याचं वाचून डोकं धरलंय त्यांनी लिहा. उपदेश नको, काय घडलं ते सांगा.

सातपूरकर
आमचं सॉफ्टवेअर स्टोअर आणि डिस्पॅचचं. मॅन्युअल जाडजूड होतं, पहिलं प्रकरण 'सिस्टिमची ओळख', मग एकेका मेनूचे फोटो. कोणी उघडायचंच नाही, रात्रपाळीला चलनाची प्रिंट अडकली की सरळ फोन. मग आम्ही येणारे फोन वहीत उतरवायला लागलो आणि त्यावरूनच नवीन पानं केली. एररचा मेसेज स्क्रीनवर दिसतो तस्साच मथळ्याला, स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच, कारण अडलेला माणूस तेच टाकून शोधतो. खाली काय करायचं ते, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं ते. हे शेवटचं भलेभले लिहीत नाहीत. कमांड दिली, स्क्रीनवर काहीच आलं नाही, आता ते बरं की वाईट?

कांदाएपीआय
मी लासलगाव-पिंपळगावकडच्या व्यापाऱ्यांसाठी अ‍ॅप करतो. एका कंपनीची एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) जोडायची होती, त्यांच्या डॉक्युमेंटमध्ये एवढंच, 'वजन : संख्या'. अरे पण किलो की क्विंटल? बाजार समितीत भाव क्विंटलने बोलतात, काट्यावर आकडा किलोत येतो, म्हणजे थेट शंभरपटीचा घोळ. तारखेचं तेच, 03/04 म्हणजे 3 एप्रिल का 4 मार्च, तुम्हीच ठरवा. 2024-04-03 असं आयएसओ 8601 या तारखेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. प्रत्येक फील्डपुढे एकक, रिकामं चालतं का, आणि खरी वाटेल अशी एक रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर, एवढं द्या बाबांनो, वर्णन नसलं तरी चालेल.

जुनं टर्मिनल
तुम्हा पोरांना जुनं वाटेल, पण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल काढून बघा, नोव्हेंबर 1971 चं, ती बनवणाऱ्या थॉम्पसन आणि रिची यांचं. दर कमांडला तेच साचेबंद मथळे, नाव, वापर, वर्णन, आणि खाली चक्क 'बग्ज', म्हणजे माहीत असलेल्या चुका, म्हणून सदर. त्याखाली 'ओनर', म्हणजे हे कोणाचं आहे तेही. आपलंच काय बिघडतं हे स्वतः छापून द्यायचं, आपल्याकडे किती ठिकाणी बघितलंय? आपल्याकडे तो मजकूर सपोर्टवाल्याच्या डोक्यात असतो आणि तो नोकरी सोडून गेला की संपलं.

मखमलाबादची
काका +1. मी शेवटच्या वर्षाला आहे, एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमध्ये माझा पहिला बदल कोडमध्ये नव्हताच, रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत होता. पायथनचं कुठलं व्हर्जन लागतं तेच लिहिलेलं नव्हतं, आणि 'फक्त अमुक इन्स्टॉल करा', 'सोपं आहे' असे शब्द जागोजागी. आपल्याला जमत नसताना 'सोपं आहे' वाचलं की काय वाटतं ते विचारू नका. आता आमच्या ग्रुपचा नियम असा की रीडमी लिहिणाऱ्याने ज्युनिअरला कोऱ्या लॅपटॉपवर बसवायचं, मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो जिथे थांबतो तिथे ओळ कमी आहे.

आडगाव नाका
थोडा वेगळा सूर लावतो. कसं चालवायचं हे सगळेच लिहितात हो, असं का केलंय हे कोण लिहितं? आमच्या बिलिंगमध्ये बिल नंबर 16 अक्षरांच्या वर गेला की कोड अडवायचा. वर कॉमेंट (कोडमध्येच माणसासाठी लिहिलेली टीप) होती, '16 पेक्षा जास्त नको'. ते तर कोडच सांगतोय! नव्या मुलाला वाटलं उगाच आहे, त्याने मर्यादा 20 केली. जीएसटीच्या नियम 46 मध्ये नंबर सोळा अक्षरांपर्यंतच आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा, हे कुठेच नोंदलेलं नव्हतं, त्यामुळे मुलाला बोलून काय उपयोग. आता असे निर्णय गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल जपणाऱ्या सिस्टिममध्ये, कोडशेजारीच छोट्या फाइलीत असतात आणि ती बदलल्याशिवाय पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घ्या अशी विनंती) मर्ज होत नाही. वेगळ्या शेअर्ड फोल्डरमधलं डॉक्युमेंट कोणी अपडेट करत नाही, स्क्रीनशॉट तर दोन रिलीजमध्ये शिळे होतात.

सातपूरकर
काका, तुमचं वाचून 'बग्ज' सदर टाकलं मॅन्युअलमध्ये. पहिलीच नोंद, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चलनाची शेवटची ओळ कापली जाते, पान लांबीने मोठं सेट करा. आता साहेब विचारतायत, हे क्लायंटला दाखवायचं का? मी हो म्हटलंय, पुढचं तुम्ही सांगा.