मुदत उलटून गेलेल्या किटमधून घरी बिअर करावी का?

लीड्सकर

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच लीड्समध्ये एक जुने घर घेतले. आधीच्या मालकांनी घरी बिअर करण्याचे सगळे साहित्य तळघरातच सोडले असून, हवे असेल तर वापरा, नाहीतर टाकून द्या, असे कळवले आहे. त्यात इंग्लिश बिटरचे, म्हणजे कडसर ब्रिटिश बिअरचे, एक किट आहे : हॉप्स (बिअरला कडूपणा व वास देणारी फुले) घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचे, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या दाट अर्काचे, प्रत्येकी १.५ किलोचे दोन डबे आणि एका डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ठेवलेली कोरड्या यीस्टची पुडी. डब्यांवरची तारीख मार्च २०१८ ची आहे. सोबत २५ लिटरची झाकणाची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी), काचेचा हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजण्याचे साधन), एक अर्धवट वापरलेली निर्जंतुक करण्याची पावडर आणि रबराच्या वॉशरचे झाकण असलेल्या बऱ्याच बाटल्या आहेत. किटवरील सूचनेनुसार यातून २३ लिटर बिअर होते.

मी यापूर्वी कधी बिअर केलेली नाही. हे किट वापरल्यास प्रकृतीला धोका आहे का आणि नसेल तर यातले काय ठेवावे व काय नवीन आणावे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

कट्ट्यावरचा

माझे मत स्पष्ट आहे : टाकून द्या. आपल्याकडे नवे किट वीस-तीस पौंडांत मिळते. बादली धुण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंतची मेहनत जुन्या किटलाही तेवढीच लागते आणि पुढे महिनाभर वाट पाहून हाती काय येईल, याची खात्री नाही. शिवाय घरी केलेल्या दारूची मला मुळातच धास्ती वाटते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

सूक्ष्मदर्शी

कट्ट्यावरचे साहेब, खर्चाचा मुद्दा मान्य, परंतु मालवणीचे उदाहरण येथे गैरलागू आहे. त्या दारूत मिथेनॉल होते. मोड आणलेल्या जवाच्या अर्कातील साखर यीस्टने आंबवली, की इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. मिथेनॉल मुख्यत्वे फळांमधील पेक्टिनपासून येते आणि जवाच्या अर्कात पेक्टिन नगण्य असते. उकळून वाफ गोळा करण्याचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा, येथे प्रश्नच नाही. ब्रिटनमध्ये तसे विनापरवाना करणे हा गुन्हा आहे.

आता डब्याविषयी. माल्ट एक्स्ट्रॅक्ट काकवीसारखे दाट असते. त्यात सुमारे ८० टक्के घन पदार्थ, बहुतांशी साखर, असतात आणि जंतूंना वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी जवळजवळ नसते. त्यामुळे डबा शाबूत असेल, तर आतला पदार्थ वर्षानुवर्षे विषारी होत नाही. त्याची चव मात्र उतरते, आणि डब्यावरची तारीखही चवीच्या हमीचीच असते. अपवाद एकच : डबा फुगलेला असेल, जोडावर गंजून पाझरत असेल किंवा जोडावरच पोचा पडलेला असेल, तर तो उघडूही नये. फुगण्याचे कारण धातू झिजून तयार झालेला हायड्रोजनही असू शकतो आणि जंतूही, पण घरात बसून या दोहोंतला फरक कळत नाही. चव घेऊन पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पत्र्यावरचा वरवरचा गंज पुसून निघत असेल, तर त्याची काळजी नको.

जव_आणि_हॉप्स

लीड्सकर, सूक्ष्मदर्शींनी प्रकृतीचा प्रश्न निकाली काढला आहे, म्हणून मी केवळ बिअरविषयी लिहितो. जुन्या किटमध्ये तीन गोष्टी जुन्या होतात आणि तिन्हींची गत वेगळी असते.

पहिले यीस्ट. हा सजीव आहे आणि थंडाव्यात बराच टिकतो, पण झाकणाखालच्या पुडीला गोदाम, दुकान आणि तळघर अशी सगळी ऊब-थंडी सोसावी लागते. २०१८ च्या पुडीवर विसंबून राहू नये. खात्रीच करायची असेल, तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर व थोडे यीस्ट घालून अर्धा तास ठेवा. वर फेसाचा जाड थर आला नाही, तर ते मेले किंवा मरणपंथाला लागले असे समजा. थोडाबहुत फेस आला, तरी तेवढे यीस्ट २३ लिटरला पुरत नाही आणि ते जोर धरीपर्यंत रानटी यीस्ट व जंतू पंगतीला बसतात. इंग्लिश बिटरसाठी सेफेल एस-०४ किंवा नॉटिंगहॅम या यीस्टच्या प्रकारांपैकी कोणतीही ११ ग्रॅमच्या आसपासची ताजी पुडी आणावी. जुनी पुडी फेकू नका. उकळत्या वर्टमध्ये (एक्स्ट्रॅक्ट विरघळवलेल्या पाण्यात) टाकलीत, तर मेलेले यीस्ट नव्या यीस्टचे खाद्य होते.

दुसरे एक्स्ट्रॅक्ट. साखर आणि अमिनो आम्ले यांची मेलार्ड प्रक्रिया डब्यात सावकाश चालूच राहते, त्यामुळे रंग गडद होतो आणि करपलेल्या साखरेकडे झुकणारी, काहीशी शिळी चव येते. डबा उघडल्यावर दिसणारा काळपट तपकिरी रंग म्हणजे नासणे नव्हे. या प्रक्रियेत यीस्टला पचणारी साखर आणि त्याचे नायट्रोजनयुक्त खाद्य दोन्ही थोडे घटतात, म्हणून जुन्या एक्स्ट्रॅक्टची बिअर १.०१० ऐवजी १.०१४ च्या घनतेवर थांबली, तर नवल नाही (साध्या पाण्याची घनता १.०००; साखर आंबत जाते, तशी बिअरची घनता उतरते). फिकट लागर किंवा गव्हाची बिअर असती, तर मीसुद्धा कट्ट्यावरच्यांच्या बाजूने मत दिले असते, कारण तिथे हा दोष लपत नाही. पण बिटर, ब्राऊन एल, पोर्टर अशा प्रकारांत तो बराचसा खपून जातो.

तिसरे हॉप्स. किटमधल्या हॉप्सचा सुगंध बहुधा पार गेलेला असतो आणि कडूपणाही कमी झालेला असतो. यावर उपाय असा की, मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाणी उकळावे, आच बंद करून त्यात एक्स्ट्रॅक्ट ढवळून पूर्ण विरघळवावे (आच चालू ठेवल्यास ते तळाशी लागते आणि तो जळका वास अखेरपर्यंत जात नाही), मग पुन्हा उकळी आणून त्यात ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे २५ ग्रॅम हॉप्स अर्धा तास उकळावेत आणि शेवटच्या पाच मिनिटांत आणखी १५ ग्रॅम घालावेत. पहिल्या हप्त्याने कडूपणा परत येतो, दुसऱ्याने वास. पातेले निम्मे रिकामे असू द्या. हे मिश्रण पाहता पाहता उतू जाते आणि शेगडीवरचा तो चिकटा खरवडणे ही शिक्षाच आहे.

किटपेक्षा खरे तर मला आपल्या बादलीची आणि पावडरीची जास्त चिंता वाटते. प्लॅस्टिकवर आतून ओरखडे असतील, तर त्यांत बसलेले जंतू कोणत्याही धुण्याने निघत नाहीत. नखाला चर जाणवला, तर ती बादली धान्याला वापरा आणि नवी आणा. अर्धवट उघडी पावडर क्लोरीनची असो वा मेटाबायसल्फाइटची, ओलसर तळघरात तिचा जोर ओसरलेला असतो. नवीन घ्या, आणि जुनी क्लोरीनची पावडर कोणत्याही आम्लधर्मी सॅनिटायझरमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बाटल्यांचे रबरी वॉशर सगळेच्या सगळे बदला.

हायड्रोमीटरही तपासा. आतली कागदी पट्टी जुनी झाली, की घसरते आणि मग बिचारा प्रामाणिकपणे खोटे आकडे दाखवत राहतो. २० अंश तापमानाच्या साध्या पाण्यात तो १.००० च्या रेघेवर तरंगला, तर ठीक, १.००४ दाखवत असेल, तर प्रत्येक वाचनातून ०.००४ वजा करा.

कट्ट्यावरचा

यीस्ट नवे, हॉप्स नवे, पावडर नवी, वॉशर नवे, कदाचित बादलीही नवी! मग जुने म्हणून वाचवले काय, हे कोणी सांगेल का?

जव_आणि_हॉप्स

तीन किलो एक्स्ट्रॅक्ट वाचवले, आणि किटमध्ये सर्वांत महाग तेच असते. बादली आणि वॉशर तर पुढच्या प्रत्येक खेपेला उपयोगी पडतील.

नाशिकची_माहेरवाशीण

थोडा वेगळा प्रश्न विचारते. असा एखादा डबा भारतात आणून नाशिकला घरच्या घरी हा प्रयोग करता येईल का?

सूक्ष्मदर्शी

नाही, ताई. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरी पिण्यासाठी का असेना. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या वापरासाठीच्या बिअरला परवाना लागत नाही. ती विकता मात्र येत नाही.

लीड्सकर

सर्वांचे मनापासून आभार. काल सगळे तपासले. एका डब्याचे झाकण बोटाने दाबल्यावर टक्कन आत जाते आणि पुन्हा वर येते, म्हणून तो बाजूला ठेवला आहे. दुसरा डबा सपाट व कोरडा आहे. यीस्टला तासाभरानेही फेस आला नाही. बादली गुळगुळीत आहे आणि हायड्रोमीटर पाण्यात अचूक दाखवतो. आता एकाच डब्यात काही करता येईल का? तळघरात सध्या १३ अंश तापमान आहे.

जव_आणि_हॉप्स

अवश्य करता येईल. एक किलो कोरडे फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणा आणि २३ ऐवजी २० लिटरच करा. सुरुवातीची घनता १.०४० च्या आसपास येईल. एक किलो साधी साखर घालण्याचा सल्ला जुन्या पुस्तिकांत हमखास असतो, पण त्याने बिअर पातळ लागते आणि आधीच थकलेल्या एक्स्ट्रॅक्टचा शिळेपणा उघडा पडतो, म्हणून तो येथे पाळू नये. ताजे माल्ट निम्म्याच्या जवळपास असल्यामुळे चव पुष्कळ सावरेल. हॉप्सचे प्रमाण वर दिले तेच ठेवा.

नळाच्या पाण्यात आधी अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी मेटाबायसल्फाइटची गोळी) चुरून घाला, नाहीतर क्लोरीनमुळे बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. यीस्ट घालताना वर्ट २० अंशांवर आलेला असावा. १३ अंशांच्या तळघरात हे यीस्ट पेंगत राहील, त्यामुळे बादली १८ ते २० अंश राहतील अशा खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे धरू नका. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस एकाच जागी स्थिर राहिला, तरच बाटल्या भरा; जुन्या एक्स्ट्रॅक्टमध्ये यीस्ट रेंगाळते आणि घाई केली, तर बाटल्या फुटतात. घनता १.०४० वरून १.०१२ वर आली, तर फरकाला १३१ ने गुणून मद्याचे प्रमाण साधारण ३.७ टक्के निघते, बिटरला ते शोभते. बाटल्यांत फेसासाठी एकूण ९० ग्रॅम साखर पुरे. ती थोड्या पाण्यात उकळून, गार करून, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात आधी घाला आणि तिच्यावर बिअर अलगद सोडा, म्हणजे प्रत्येक बाटलीत सारखी जाईल.

सूक्ष्मदर्शी

बाजूला ठेवलेला डबा उघडून सिंकमध्ये रिकामा करू नका. तो तसाच बंद, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून, पुनर्वापराच्या नव्हे तर साध्या कचऱ्याच्या डब्यात टाका आणि नंतर हात साबणाने धुवा.