घरच्या संगणकावर सेस्ना १७२ चा सराव: सिम्युलेटरची जुळणी कशी करावी?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. डीजीसीएच्या (भारतातील नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स या तिन्ही लेखी परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे. विदर्भातील एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत माझा प्रवेश निश्चित झाला असून प्रत्यक्ष उड्डाण सुरू होण्यास अजून काही आठवडे अवकाश आहे. संस्थेची विमाने सेस्ना १७२ एस प्रकारची असून त्यांत जी१००० हे पडद्यांचे कॉकपिट आहे. मधल्या काळात घरच्या संगणकावर सिम्युलेटर बसवून कॉकपिटची ओळख, चेकलिस्ट, सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरावीक फेरी) आणि व्हीओआर या जमिनीवरील रेडिओ केंद्रांवरील दिशादर्शन यांचा सराव करावा, असा माझा विचार आहे.

संगणकात बाराव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. विंडोज ११ वापरते. इंटरनेटचा वेग साधारण ४० एमबीपीएस मिळतो, परंतु डेटाला मासिक मर्यादा आहे. जॉयस्टिक अद्याप घेतलेली नाही.

एक्स-प्लेन १२ घ्यावे की मायक्रोसॉफ्टचे २०२४ चे सिम्युलेटर, हा पहिला प्रश्न. घरी केलेले तास परवान्यासाठी धरले जातात का, हा दुसरा. आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: घरी चुकीच्या सवयी लागू नयेत म्हणून कोणती काळजी घ्यावी? आमच्या ओळखीतील एका वैमानिकांनी घरच्या सिम्युलेटरपासून दूरच राहावे असे सांगितल्यामुळे मन थोडे साशंक झाले आहे.

धावपट्टी १४-३२

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. घरच्या संगणकावरील एकही तास लॉगबुकात लिहिता येत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या किमान २०० तासांत इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचे, म्हणजे केवळ उपकरणे पाहून उडण्याचे, १० तास असावे लागतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ५ तास सिम्युलेटरवर करता येतात. तोही डीजीसीएने मान्यता दिलेला असावा लागतो. अमेरिकेतही तेथील नियामक एफएए मान्यता देते ती विशिष्ट यंत्रसामग्रीसह बसवलेल्या संपूर्ण संचाला, आणि त्यासाठी एक्स-प्लेनची व्यावसायिक आवृत्ती वापरावी लागते. त्यामुळे तासांचा विचार सोडून केवळ सरावाचा विचार करावा.

मी अनेक वर्षे प्रशिक्षक म्हणून काम केले आहे आणि तुमच्या परिचितांचा सल्ला कुठून आला असेल, हे मी समजू शकतो. घरी सराव करून आलेला विद्यार्थी पहिल्या उड्डाणात बहुधा नजर पडद्यांवर खिळवून बसतो, कारण घरी खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही नसते आणि आकडे मात्र समोरच असतात. दृश्य उड्डाणात नजर बहुतांश वेळ बाहेर क्षितिजावर असावी लागते. विमानाचे नाक क्षितिजाच्या किती खाली किंवा वर आहे, त्यावरून वेग राखायचा आणि वेगमापकाकडे केवळ खात्री करण्यापुरते पाहायचे, ही पद्धत मोडली की ती पुन्हा बसवायला बरेच तास जातात, आणि ते तास विद्यार्थ्याच्या पैशाने जातात. तरीही सिम्युलेटर टाळा असे मी म्हणणार नाही. घरी काय करावे आणि काय करू नये, हे नेमके ठरवले तर तुमचे विमानातील तास कितीतरी अधिक उपयोगी पडतील.

चेकलिस्ट घरी पाठ व्हावी, आणि तीही हाताच्या हालचालीसह. संस्थेकडून त्यांच्या विमानाची पुस्तिका आणि चेकलिस्ट आधीच मागून घ्या. सिम्युलेटरमध्ये दिलेली वापरू नका. जी१००० वर फ्रिक्वेन्सी बदलणे, फ्लाइट प्लॅन भरणे, सीडीआयचा (ठरलेल्या मार्गापासून किती सरकलो ते दाखवणाऱ्या सुईचा) स्रोत जीपीएसवरून व्हीओआरवर नेणे ही कामे जमिनीवर शिकण्याचीच आहेत, कारण हवेत प्रशिक्षक बोलत असताना आणि इंजिनाचा आवाज कानात घुमत असताना बटणे शोधणे फार जड जाते. व्हीओआरचे रेडियल (केंद्रापासून निघणारी दिशारेषा) पकडणे, होल्डिंगमध्ये (हवेत थांबण्यासाठीच्या घिरट्यांत) प्रवेश करणे आणि पुढे आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणे) यांचा सराव घरी उत्तम होतो. इन्स्ट्रुमेंट उड्डाण जमिनीवर शिकवण्याची परंपरा एडविन लिंक यांच्या १९२९ च्या ट्रेनरपासून चालत आली आहे आणि तिच्या उपयुक्ततेबद्दल आज कोणाच्याही मनात शंका नाही.

विदर्भात शिकणार असाल तर आणखी एक प्रयोग अवश्य करावा. नागपूर विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,०३३ फूट आहे. सिम्युलेटरमध्ये हवामान स्वतः ठरवून तापमान प्रथम १५ अंश ठेवा, उड्डाण करा, धाव किती लांबली आणि मिनिटाला किती फूट चढ मिळाला याची नोंद करा. मग मे महिन्यातील दुपारसारखे ४३ अंश ठेवून तेच उड्डाण पुन्हा करा. त्या उंचीवरील प्रमाण तापमान सुमारे १३ अंश असते. फरक ३० अंशांचा झाला आणि प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरले, तर धावपट्टीवर उभे असतानाच विमानाच्या दृष्टीने हवा साधारण ४,६०० फुटांवरील हवेइतकी विरळ झालेली असते. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड; मिटिऑरॉलॉजीच्या परीक्षेत ती तुम्ही सोडवलीच असेल. तिचा परिणाम चढाच्या आकड्यात पाहिला की ती कायमची लक्षात राहते. तुमच्या आकड्यांची पुस्तिकेतील तक्त्यांशी तुलना केलीत तर तक्ते वाचण्याचाही सराव होईल.

जुळणी आणि दुरुस्ती

मी वैमानिक नाही, परंतु दोन प्रशिक्षण संस्थांच्या सराव-खोल्यांतील संगणकांची जुळणी करून दिली आहे. त्यामुळे संगणकापुरते सांगतो.

तुमच्या यंत्रावर, आणि विशेषतः डेटाच्या मर्यादेमुळे, मी एक्स-प्लेन १२ सुचवेन. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीला डिस्कवर सुमारे ५० जीबी जागा पुरते, कारण बाकीची बरीचशी सामग्री उडतानाच इंटरनेटवरून येत राहते. रॅम किमान १६ जीबी सांगितली आहे, पण शिफारस ३२ जीबीची आहे. एक्स-प्लेनमध्ये भूप्रदेश एकदाच उतरवून घेता येतो आणि पुढचा सराव इंटरनेट बंद ठेवूनही चालतो. जी१००० असलेली सेस्ना १७२ त्यात मूळचीच आहे, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. आधी मर्यादित वेळेचा मोफत डेमो बसवून यंत्र झेपते का, ते पाहावे.

बसवताना इन्स्टॉलर जगाचा नकाशा दाखवतो, त्यात भारतावरचे चौकोन आठवणीने निवडा. ते निवडले नाहीत तर नागपूरच्या भोवती समुद्र पसरलेला दिसेल. असे दिसल्यास घाबरू नये, इन्स्टॉलर पुन्हा चालवून तेवढा भाग नंतरही जोडता येतो. प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्ये ते बसवू नये, कारण तिथे विंडोज फाइली लिहू देत नाही आणि विचित्र अडचणी येतात. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपची प्रत वनड्राइव्हवर जात असेल, तर डेस्कटॉपवरही नको, नाहीतर सारा भूप्रदेश इंटरनेटवर चढू लागेल आणि तुमची मासिक मर्यादा संपेल. सी ड्राइव्हवर थेट एक साधा फोल्डर करावा.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. एक्स-प्लेनमध्ये फ्रेम रेट, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांची संख्या, सेकंदाला सुमारे २० च्या खाली गेला, की गणित बिघडू नये म्हणून सिम्युलेटर स्वतःचा काळच संथ करतो. चित्र चालू राहते, विमान उडत राहते, पण सिम्युलेटरमधील एक मिनिट तुमच्या घड्याळातील एका मिनिटापेक्षा मोठे होते. प्रशिक्षणार्थीसाठी हे फार घातक आहे, कारण हाताला आणि नजरेला खोट्या वेगाची सवय लागते. सेटिंग्जमधील डेटा आउटपुट या भागात फ्रेम रेटची ओळ निवडून ती कॉकपिटमध्ये दिसेल असे करा आणि आकडा सतत ३० च्या वर राहील इतके चित्र साधे ठेवा. प्रथम सावल्या आणि जमिनीवरील वस्तूंची संख्या कमी करावी, त्यानंतर ढगांचा दर्जा. ६ जीबी कार्डावर टेक्स्चर मध्यम ठेवलेले बरे. जी१००० चे पडदे वेगळ्या खिडक्यांत काढता येतात, त्यामुळे जुना मॉनिटर घरात असेल तर तो त्यासाठी जोडावा.

जॉयस्टिक जोडल्यावर कॅलिब्रेशन पूर्ण करा. कंट्रोल सेन्सिटिव्हिटीमध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनच्या पट्ट्या शून्यावर आणा, कारण त्या वाढवल्या की विमान आपोआप सावरले जाते आणि सावरण्याचे काम तुम्ही शिकत नाही. उडताना जॉयस्टिक मध्येच निर्जीव होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबला वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची दिलेली परवानगी काढून टाकावी.

नवेगावबांध

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. तरी मायक्रोसॉफ्टच्या बाजूनेही एक मुद्दा मांडतो, कारण मी त्याच परिसरात प्रशिक्षण घेतले आहे. ताई, सोलो क्रॉस-कंट्रीच्या (एकट्याने दूरच्या ठिकाणी उडत जाण्याच्या) वेळी जमिनीवरील खुणा ओळखता येणे हाच खरा आधार असतो. नागपूर ते गोंदिया हा लोहमार्ग, त्याला आडवी जाणारी वैनगंगा, दक्षिणेकडे नवेगावबांधचा तलाव, आणि धानाच्या खाचरांमध्ये विखुरलेली ती असंख्य लहान तळी, जी वरून सगळी सारखीच भासतात! मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये हा प्रदेश उपग्रह-चित्रांवरून उभा केलेला असल्याने त्या परिसराची नजरेला आधीच ओळख होते. एक्स-प्लेनमध्ये नद्या, रस्ते आणि रूळ ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून आपापल्या जागी असतात, पण शेते आणि गावे ठरावीक साच्याची दिसतात.

मात्र उपग्रह-चित्र हे एका ऋतूचे असते, हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेले तळे मे महिन्यात कोरडे मैदान होऊन जाते, म्हणून खूण म्हणून नदी, रूळ आणि मोठे जलाशय यांवरच भिस्त ठेवावी. डेटाची अडचण असेल तर सर्व सराव एक्स-प्लेनवर करून केवळ मार्गाची ओळख कोणा मित्राकडे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवर करून घेतली तरी पुरेल. तिथे बसाल तेव्हा असिस्टन्स विभागातील आपोआप रडर (रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची झडप) आणि उड्डाणात मदत करणारे सर्व पर्याय आधी बंद करा.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डेमो बसवला आहे आणि सावल्या बंद केल्यावर फ्रेम रेट ३५ ते ४० च्या दरम्यान राहतो. दोन शंका उरल्या आहेत. रडर पेडल सध्या परवडण्यासारखी नाहीत. मुठीला पीळ देऊन रडर चालवता येणारी जॉयस्टिक पुरेशी ठरेल का? आणि लँडिंगचा सराव घरी करावा की करू नये?

धावपट्टी १४-३२

पीळ देता येणारी जॉयस्टिक चालेल, पण तिचा तो अक्ष सेटिंगमध्ये यॉ (नाकाचे डावे-उजवे वळणे) म्हणून नेमलेला आहे ना, हे पाहून घ्या. तो नेमलेला नसेल तर एक्स-प्लेन रडर स्वतःच सांभाळू लागते आणि मग उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढले जाते, ही गोष्ट तुम्हाला जाणवतच नाही. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद) दिल्यावर विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर राखण्यासाठी उजवा रडर द्यावा लागतो, ही जाणीव मुठीतून आली तरी चालेल. ती पुढे पायात उतरवणे हे विमानातले काम.

वेळेचे माप बरोबर आहे का, याची खात्री मनगटावरील घड्याळाने करता येईल. ९० नॉट वेगाने, सुमारे १४ अंश कलून, उंची न बदलता पूर्ण वर्तुळ घ्या. सेकंदाला ३ अंश या प्रमाणित गतीने ते दोन मिनिटांत पूर्ण झाले पाहिजे. जी१००० वर वळणाच्या गतीची खूण दिसते, ती या गतीवर स्थिर असताना घड्याळ जास्त वेळ दाखवत असेल, तर सेटिंग आणखी हलके करावे लागेल.

लँडिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) घरी करा, फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूच उचलणे) करू नका. जमीन किती जवळ आली हे डोळ्यांच्या कडेने उमगते आणि विमान खाली बसते आहे हे शरीराला कळते. एका सपाट पडद्यावर या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय बसवलेला फ्लेअर प्रत्यक्षात बहुधा उंचावर होतो. त्याऐवजी नागपूरच्या धावपट्टी ३२ च्या अंतिम मार्गावर साधारण चार मैलांवर विमान ठेवून ती स्थिती जतन करा आणि तिथून पुन्हा पुन्हा उतरत या. फ्लॅप (पंखांच्या मागील कडेच्या झडपा) पूर्ण, वेग ६५ नॉट, धावपट्टीचा आकार पडद्यावर एकाच जागी स्थिर. जमिनीपासून ३०० फुटांवर, म्हणजे उंचीमापकात सुमारे १,३५० फुटांवर, स्वतःला विचारा की वेग, मार्ग आणि उताराचा दर तिन्ही ठीक आहेत का. उत्तर काहीही असो, २०० फुटांवर गो-अराउंड करा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढा: थ्रॉटल पूर्ण, नाक वर, फ्लॅप ३० वरून २० वर, ६० नॉटने चढ, आणि चढ स्थिर झाल्यावर उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत. घरी हा क्रम हातात बसला, तर पहिल्या सर्किटमध्ये प्रशिक्षक अनपेक्षितपणे गो-अराउंड म्हणतील तेव्हा तुमचा हात थ्रॉटलकडे विचार न करता जाईल.