शब्दचर्चा: ‘डबल क्रोशे’ म्हणजे खांब की मुका खांब?

पानगळ
दोऱ्याचे बुकमार्क क्रोशाने कसे विणायचे, याच्या एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करायला घेतलं आहे. मुळात जिथे ‘डबल क्रोशे’ या टाक्याचं नाव आहे तिथे ‘खांब’, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, लिहिलं. मसुदा विणून पाहिला गेला, तर ८० ओळींची जी पट्टी १६ सेंमी भरायला हवी ती ३२ सेंमीच्या आसपास गेली. अर्धी पुस्तकाबाहेर लोंबते आहे. तपासणाऱ्या बाई म्हणतात, तिथे ‘मुका खांब’ हवा. पण डबल म्हणजे दुहेरी ना? मुका खांब तर एवढासा असतो. दुसरं म्हणजे शीर्षकात काय लिहू? वाचनखूण, पुस्तकखूण, पृष्ठखूण, की सरळ बुकमार्क?

सुईदोरा
बाई बरोबर आहेत. पत्रक ब्रिटिश असणार. ब्रिटिश नावं सुईवरचे फास मोजतात. सुई टाक्यात घालून दोरा ओढला की सुईवर दोन फास होतात, म्हणून ते ‘डबल’. आधी एक वेढा घेऊन तेच केलं की तीन फास, म्हणून ‘ट्रेबल’. अमेरिकन लोक दोरा कितीदा ओढून फास संपवले ते मोजतात, म्हणून तोच पहिला टाका त्यांच्याकडे ‘सिंगल’ आणि दुसरा ‘डबल’. आपला मुका खांब म्हणजे ब्रिटिश डबल, अमेरिकन सिंगल. आपला खांब म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, अमेरिकन डबल. खांबाची उंची मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट, त्यामुळे तुमची पट्टी दुप्पट झाली यात नवल नाही.

पत्रक कुठलं हे ओळखायचं तर ओळ उलटताना किती साखळ्या सांगितल्या आहेत ते बघा. एक साखळी घालून ‘डबल’ असेल तर ब्रिटिश, तीन घालून ‘डबल’ असेल तर अमेरिकन. टाका सोडायला ‘मिस’ आणि घट्टपणाला ‘टेन्शन’ लिहिलं असेल तरी ब्रिटिश. अमेरिकन पत्रकात ‘स्किप’ आणि ‘गेज’ असतं. ‘सिंगल’ शब्द दिसला म्हणून मात्र अमेरिकन ठरवू नका. जुन्या ब्रिटिश पत्रकांत सिंगल म्हणजे नुसता सरकता टाका, दोरा ओढून सरळ सुईवरच्या फासातून काढलेला.

घाटावरचा
सरकता टाका? त्यालाच मुका खांब म्हणतात की. उंचीच नसते त्याला, म्हणून मुका.

सुईदोरा
काही ठिकाणी म्हणतात, मान्य. पण मग एका वेढ्याविना होणाऱ्या टाक्याला काय म्हणणार? तिथे ‘अर्धा खांब’ म्हणाल तर आणखी घोळ, कारण अर्धा खांब हा निराळा टाका आहे: एक वेढा घ्यायचा, तीन फास झाले की तिन्हींतून एकदम दोरा काढायचा.

निखळ मराठी
मूळ चूक ‘क्रोशा’पासूनच आहे. धड फ्रेंच नाही, धड मराठी नाही. कुणी क्रोशे म्हणतो, कुणी क्रोशा, हिंदीवाले क्रोशिया. फ्रेंचमध्ये अर्थ एवढाच की छोटा आकडा. मग ‘आकडीकाम’ म्हणायला काय हरकत? महापौर रुळला, दिनांक रुळला, हेही रुळेल.

घाटावरचा
आकडीकाम म्हणालात तर लोक कांदा घेऊन धावत येतील!

निखळ मराठी
थट्टा सोपी असते. ‘अंकुडीकाम’ म्हणा. आंबे काढायच्या काठीला अंकुडी म्हणतातच.

मांडवीकाठ
नाव कुठलंही द्या, सुई बाजारात ‘क्रोशाची सुई’ म्हणूनच मिळते. आता मुक्या खांबाकडे या. पोर्तुगीजमध्ये ब्रिटिश-अमेरिकन भानगडच नाही. मुका खांब तो ‘पोंतु बायशु’, म्हणजे बुटका टाका. खांब तो ‘पोंतु आल्तु’, उंच टाका. जर्मनमध्ये खांबाला ‘श्टेबशेन’ म्हणतात, म्हणजे लहानशी काठी. मराठीतला खांब या घरातला आहे. तो फास मोजत नाही, दिसतं ते सांगतो. म्हणून पानगळताई, ‘डबल’चं भाषांतर करूच नका. टाका बघा आणि त्याचं नाव लिहा.

पानगळ
पटतंय. पण मग ‘मुका’ का? दिसतं ते सांगणारं नाव असेल तर ‘बुटका खांब’ हवं होतं.

घाटावरचा
मुका मार म्हणतो ना आपण? मार बसलेला असतो, पण वरून वळ दिसत नाही. तसा हा खांब. आहे, पण दिसत नाही.

गोंडेदार
छे, मुका म्हणजे पापी. वरचे दोन फास खालच्या टाक्याला जाऊन चिकटतात, मध्ये फट राहत नाही. खांबांच्या मधून उजेड दिसतो, मुक्या खांबांत नाही. विणून उजेडासमोर धरा.

निखळ मराठी
व्युत्पत्ती उजेडासमोर धरून ठरत नाही. मूक म्हणजे न बोलणारा, त्याचाच मुका.

गोंडेदार
टाका बोलतो कधी? खांब तरी कुठे बोलतो? मग त्यालाही मुका म्हणा.

सुईदोरा
व्युत्पत्तीचं चालू द्या, तोवर पत्रकाचं काम करू. पानगळ, नमुना सगळा मुक्या खांबाचा असेल तर एक सूचना मसुद्यात घाला. अरुंद पट्टी घट्ट हाताने विणली की पिळते, जिलेबीसारखी. २० नंबरच्या मर्सराइज्ड, म्हणजे चकाकी दिलेल्या, सुती दोऱ्याला १.२५ मिमीची सुई बरोबर आहे. हात घट्ट असेल तर १.५० घ्या. पायाची साखळी तर एक माप मोठ्या सुईनेच घालावी, नाहीतर खालची कड आवळते आणि पट्टीला नरसाळ्यासारखा आकार येतो. इथेही नंबरांचा घोळ होतो: दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक, सुईचे मिलिमीटर वाढले की सुई जाड. ४० नंबरच्या दोऱ्याला १.०० मिमीची सुई.

जाळीचा नमुना असेल तर हिशेब वेगळा. एका घराला, म्हणजे जाळीच्या एका चौकोनाला, तीन टाके, शेवटी एक जास्त. ९ घरांची पट्टी म्हणजे २८ खांब. पहिली ओळ भरीव असेल तर ३० साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सुटलेल्या तीन साखळ्या हाच ओळीचा पहिला खांब. २० नंबरच्या दोऱ्यात याची रुंदी साधारण साडेचार सेंमी येते. सगळ्यांत जास्त चूक होते ती ओळीच्या शेवटी. आधीच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा राहून जातो, आणि ओळीगणिक एक टाका कमी होत पट्टी निमुळती होते. दर ओळीला २८ मोजा. मुक्या खांबात उलटायची एक साखळी बहुधा टाका म्हणून धरत नाहीत. खांबात तीन धरतात. हा फरक मसुद्यात लिहाच. पत्रकं तो गृहीत धरतात.

पानगळ
हे सगळं घेते. काठाला ‘पिको’ आहे. तो तसाच ठेवू?

निखळ मराठी
‘दंतुर काठ’ लिहा.

गोंडेदार
पिको म्हणजे साडीचा ना? पिको-फॉल. पण तिथे कुठे साखळ्या असतात? साडीच्या काठावर मशीनची दाट नागमोडी शिवण असते, झालं. दोन्ही एकच शब्द कसे?

मांडवीकाठ
शब्द एकच, फ्रेंच ‘पिको’, लहानसं टोक. क्रोशात तीन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सरकत्या टाक्याने बंद केलं की टोक तयार होतं. कापडाच्या मशीनकामात जाळीच्या शिवणीची एक ओळ घालून ती मधोमध कापत. मग दोन्ही काठांना बारीक दाते राहत, त्यालाही पिकोच म्हणत. आपल्या साडीचा पिको त्याच वाटेने आला असावा. दाते गेले, नाव उरलं.

निखळ मराठी
म्हणजे चुकीचं नाव.

मांडवीकाठ
‘असावा’ म्हटलंय मी. आणि चुकीचं असेल तर गल्लीतल्या पिको-फॉलच्या पाटीवर दंतुर-फॉल लिहून दाखवा.

सुईदोरा
पिकोबद्दल एक. बुकमार्कच्या लांब कडांना पिको घालू नये. पुस्तक बंद करताना टोकं दुमडतात आणि पानावर वळ उमटतो. घालायचाच तर वरच्या, पानाबाहेर राहणाऱ्या कडेला. कडेची फेरी मुक्या खांबाची करताना कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन मुके खांब घाला, नाहीतर पट्टीची वाटी होते. फुगीर फुलं किंवा बोंडं पानांच्या मध्ये येता कामा नयेत. पुस्तकाची बांधणी उसवते.

घाटावरचा
आणि खळ? खळ दिली नाही तर बुकमार्क चिंधीसारखा लोळतो. मैद्याची पातळ खळ, चमचाभर मैदा कपभर पाण्यात शिजवून.

सुईदोरा
पुस्तकात ठेवायच्या वस्तूला खळ नको. कसर पिठूळ पदार्थावरच येते, कागदही खाते. पावसाळ्यात खळीला दमटपणा धरतो, बुरशी येते, ते वेगळंच. पांढरा गोंद पातळ करून लावतात काही जण, पण उकाड्यात तो चिकट होऊन पान धरतो. त्यापेक्षा ओला करून थर्माकोलवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवा, सावलीत वाळवा, मग उलट बाजूने ओलसर कापडावरून इस्त्री. मर्सराइज्ड दोरा एवढ्याने नीट राहतो. लाल आणि गडद निळा दोरा विणायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटला तर त्या दोऱ्याचा बुकमार्क करूच नका. मिठाच्या पाण्याचा उपयोग होत नाही.

निखळ मराठी
मर्सराइज्ड!

मांडवीकाठ
माणसाचं नाव आहे हो. जॉन मर्सर. १८५० चं पेटंट, कॉस्टिक सोड्यात सूत बुडवायचं. चकाकी मात्र १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून तीच क्रिया केली तेव्हा आली. याला काय म्हणाल, मर्सरसंस्कारित?

निखळ मराठी
‘झिलईदार सूत’. आहे आपल्याकडे शब्द. शीर्षकात ‘पुस्तकखूण’ लिहा. वाचनखूण नको, वाचनाला कोण खूण करतं?

घाटावरचा
खूण आपण पानाला करतो, पुस्तकाला नाही. म्हणून पृष्ठखूण.

गोंडेदार
पृष्ठ म्हणजे पाठ. पाठीवरची खूण वाटते ती.

मांडवीकाठ
‘फीत’ का नको? बांधणीतच शिवलेली रेशमी फीत असते की वहीला. आणि निखळराव खूश होण्याआधी सांगतो, फीत पोर्तुगीज ‘फिता’वरून आलेली आहे.

सुईदोरा
फीत क्रोशाने विणलेली नसते, मागावर विणलेली असते. आणि दोरीचा प्रकार पट्टीहून वेगळा. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच उंच, म्हणजे साडेएकवीस सेंमी. दोन्ही टोकांना तीन-तीन सेंमी बाहेर हवं, म्हणून दोरी साडेसत्तावीस सेंमी. एका टोकाला फूल, दुसऱ्याला गोंडा, दोन्ही पुस्तकाबाहेर. पट्टी साधारण १६-१७ सेंमी पुरते. मराठीत दोन्हींना वेगळी नावं असती तर बरं झालं असतं.

पानगळ
मुळात शेवटी ‘टॅसल’ आहे. त्याला गोंडाच ना? ६ सेंमी पुठ्ठ्यावर २५ वेढे, वर बांधायचं, एक सेंमी खाली मान आवळायची, खालून कापायचं.

घाटावरचा
तो झुबका. गोंडा गोल असतो, टोपीवर असतो तसा.

गोंडेदार
माझं नाव बघा आणि मग बोला. शेल्याला गोंडे असतात ते गोल असतात का?

घाटावरचा
शेल्याला दशा असतात.

सुईदोरा
दशा कापडाच्याच सुटलेल्या सुतांच्या असतात, वेगळ्या बांधून लावलेल्या नाहीत. पानगळ, मान आवळताना वेढे सहा-सात तरी द्या आणि टोक सुईने आत ओढून घ्या, नुसती गाठ सुटते.

पानगळ
देते. शीर्षकाचं काय करू?